एक कपाट आणायला गेलो होतो

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही "कपाट आणलंत का?" म्हणून विचारलंत आणि मी "हो, आणलं" म्हणून विषय बदलला. तुमचे जावई शेजारीच बसले होते, म्हणून. आता ते बाहेर गेलेत, तेव्हा सविस्तर लिहिते.

कपाट आणलंय, पण ते अजून खोक्यांत आहे. कपडे आम्ही इथे आलो त्या दिवसापासून बॅगांत आहेत ते तिथेच आहेत.

आई, दुकान म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर जे येईल त्यातलं इथे काहीच नाही. आत शिरलं की जमिनीवर बाण काढलेले असतात आणि सगळं गाव त्या बाणांमागून चालत असतं. आधी बैठकीच्या खोल्या, मग स्वयंपाकघरं, मग मुलांच्या खोल्या. सगळं मांडून ठेवलेलं, पण खोटं. नळाला पाणी नाही, टीव्ही पुठ्ठ्याचा. खिडकी कुठे दिसत नाही. विकायची घड्याळं भिंतभर आहेत, पण सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं झालेली, त्यामुळे आपण किती वेळ फिरतोय याचा पत्ता लागत नाही. मधून पळवाटा असतात. त्या नकाशावर बारीक दाखवलेल्याही असतात, पण शोधायला जावं तर नेमकी कुणाची तरी ट्रॉली आडवी.

बाबा, हे तुम्हाला आवडेल. व्हिक्टर ग्रूएन नावाचा व्हिएन्नाचा वास्तुविशारद १९३८ साली नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेला गेला. तिकडे मिनेसोटात त्याने साउथडेल नावाचा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल बांधला, तो १९५६ साली उघडला. माणूस ठरवून एका वस्तूसाठी आत येतो आणि वळणं, दिवे, मांडणी यांत असा गुंगतो की आलो कशाला तेच विसरतो. या अवस्थेला त्या ग्रूएनचंच नाव चिकटलंय. त्याला बिचाऱ्याला लोकांनी एकत्र जमावं, फिरावं, बसावं अशी जागा हवी होती. पुढे मॉलचं जे झालं ते त्याला अजिबात पटलं नाही. मला ग्रूएन आठवला तेव्हा माझ्या पिशवीत दोन उशांचे अभ्रे, एक चाळणी आणि एक कुंडी होती. कपाटांचा विभाग अजून यायचाच होता.

तो आला आणि आमचं वाजलं.

यांना हवं होतं ते कापडी कपाट. नळ्या जोडायच्या, वर कापड चढवायचं, जाताना गुंडाळून टाकून द्यायचं. मला लाकडी दारांचं हवं होतं. हे म्हणाले, दोन वर्षांसाठी एवढं धूड कशाला? मी म्हटलं, दोन वर्षं कुणी ठरवली? मग जे सुरू झालं ते एका मांडलेल्या झोपायच्या खोलीत, तिथल्याच पलंगावर बसून. दर मिनिटाला लोक त्या खोलीतून ये-जा करत होते. एक म्हातारं जोडपं हातात टेप घेऊन अगदी सभ्यपणे उभं होतं, आम्ही उठलो की पलंग मोजायला. आमची भाषा त्यांना कळत नव्हती, पण सूर कळतच होता. पलीकडच्या खोलीत दुसरं एक जोडपं सोफ्यावरून हमरीतुमरीवर आलेलं. मला नाही वाटत तेही सोफ्याच्या रंगावरून भांडत होते.

मी उठले आणि उगाच दिवे बघत फिरले. परत आले तर हे गुडघ्यावर बसून त्याच लाकडी कपाटाचं माप घेत होते. एका हातात दुकानातली कागदी टेप, दुसऱ्यात बोटभर पेन्सिल. म्हणाले, "हे आपल्याकडे उभंच राहणार नाही." बाबा, गंमत बघा. अशी कपाटं जमिनीवर आडवी ठेवून जोडतात आणि मग उभी करतात. उंची २३० सेंटीमीटर, पुढून मागपर्यंतची खोली ६०. आपलं छत २३५, म्हणजे वरवर पाहता मावतं. पण उचलताना त्याचा कर्ण छताखालून जायला हवा आणि तो येतो जवळजवळ २३८. शाळेतला पायथागोरस असा कपाटात भेटेल असं वाटलं नव्हतं. त्यातलंच २०० उंचीचं घेतलं. कापडी कपाटाचं नाव मग कुणीच काढलं नाही.

खालच्या गोदामाचं थोडक्यात सांगते. वर जे एक कपाट दिसतं, ते खाली पाच ठिकाणी विखुरलेलं असतं. सांगाडा एका रांगेत, दारं दुसऱ्या, फळ्या तिसऱ्या. एकेक खोकं भुसा दाबून केल्यासारखं जड, दोघांनी धरूनही हलेना. आमची दारं मिळाली, पण बिजागऱ्या संपल्या होत्या. पुढच्या आठवड्यात येतील म्हणे. शिवाय कपाट भिंतीला पक्कं करावंच लागतं, नाहीतर एखादं पोर उघड्या खणावर चढलं की सगळं पुढे कोसळतं. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी हवी, त्यालाही लिहून ठेवलंय.

रांगेत उभं राहून कंबर गेली. त्याचं असो.

बिजागऱ्या आणायला जाऊ तेव्हा तुमच्यासाठीचा पलंगही बघून येणार आहोत. यांनीच काढला तो विषय. इथले बरेच पलंग फार ठेंगणे असतात, बसलं की उठवत नाही. गादी आणि तिच्याखालच्या लाकडी पट्ट्या वेगळ्या घ्याव्या लागतात, म्हणजे उंची आपल्याला जुळवता येते. तेव्हा आई, तुझ्या पलंगाची जमिनीपासून गादीच्या वरपर्यंतची उंची मोजून कळव. अंदाजे नको, टेप लावून. आणि बाबांना मोजायला सांगू नकोस, ते गादी दाबून मोजतात.

तुमची,
ताई