लवंगांचा हिशेब चुकलेली नाताळची बिअर

मिनिआपोलिस,
8 मार्च

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘तिकडे जाऊन दारू गाळायला लागलास म्हणे’ हे तुझे पहिलेच वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यावर बराच वेळ हसणे चालले. तेव्हा आधी तेवढा खुलासा करतो. मी दारू गाळलेली नाही, बिअर आंबवली आहे, आणि इथला कायदा या दोन क्रियापदांत फार मोठा फरक करतो. 1978 साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या वापरासाठी बिअर बनवण्याला करमाफी मिळाली. दोन प्रौढ माणसे असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 757 लिटर, एवढी मुभा आहे. गाळलेल्या दारूला मात्र ती सवलत नाही. माझी बिअर भरली 19 लिटर, तेव्हा माझी काळजी करू नकोस. तू मात्र हे पत्र वाचून सांगलीत पातेले चढवू नकोस, कारण आपल्याकडच्या दारूबंदी कायद्याला असले छंद मंजूर नाहीत.

हे खूळ कुठून शिरले, असे तू विचारले आहेस. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी 1975 पासून दर नाताळाला एक खास बिअर काढत असे. तिची कृती दरवर्षी बदलत असे, बाटलीवरचे झाडाचे चित्रही बदलत असे, आणि आत काय घातले आहे हे ते कोणालाही सांगत नसत. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या घरी ती प्यायलो. जमलेली सगळी मंडळी मसाला ओळखण्याच्या पैजा लावत होती आणि मी मनात म्हणत होतो की, मसाला ओळखायला आम्हाला शिकवता काय? 2023 साली ती ब्रुअरी बंद पडली आणि मागच्या नोव्हेंबरात माझ्या मनाने घेतले की आता आपणच करून पाहावी. बिअरमध्ये मसाला ही कल्पना तुला विचित्र वाटेल. जर्मनीतल्या बव्हेरियात तर 1516 सालीच जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले) आणि पाणी यांखेरीज काहीही घालायचे नाही असा हुकूम निघाला होता. पण जर्मनीच्या शेजारच्या बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरमध्ये आजही धने आणि संत्र्याची साल घालतात. धने! हे वाचल्यावर माझी भीड चेपली.

नवशिक्याला सोपा जावा म्हणून बाजारात माल्टचा तयार पाक मिळतो. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडून गरम पाण्यात ठेवायचे आणि उतरलेला गोड रस आटवायचा, हा सगळा खटाटोप कारखान्याने आधीच केलेला असतो. आपल्याकडे मोडाच्या नाचणीचे सत्त्व करतात, त्याचाच हा लांबचा भाऊ समज. काकवीसारखा दाट असा तो पाक मी 3.2 किलो घेतला, शिवाय 450 ग्रॅम मध आणि रंगासाठी व चवीसाठी 450 ग्रॅम खरपूस भाजलेले माल्ट. हे माल्ट कापडी पिशवीत बांधून 68 अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायचे असते. पाणी उकळू द्यायचे नाही, नाहीतर टरफलांचा तुरटपणा उतरतो. त्यानंतर पातेले आचेवरून उतरवून पाक घालायचा आणि तो पूर्ण विरघळल्यावरच परत चढवायचे. पाक तळाशी बसून करपला तर तो वास शेवटच्या घोटापर्यंत पाठ सोडत नाही. उकळी फुटताना पातेल्याकडे पाठ करायची नाही, ही सूचना मी वाचलेली होती. तरीही फोन वाजला, मी वळलो, आणि दूध उतू जावे तसा तांबूस फेस शेगडीभर पसरला. हिने एक शब्दही न बोलता जुने फडके माझ्या हातात दिले.

उकळी आल्यावर कडवटपणासाठी नॉर्दर्न ब्रुअर जातीचे 28 ग्रॅम हॉप्स घातले आणि तासभर उकळत ठेवले. मसाला शेवटच्या पाच मिनिटांत घालायचा असतो, कारण त्याचा सुगंध ज्या तेलात असतो ते तेल वाफेबरोबर उडून जाते. दालचिनीचे दोन तुकडे, किसलेले आले, दोन संत्र्यांची साल (पांढरा भाग काढून, कारण तो कडू), आणि जायफळ. जायफळ मी सहाणेवर उगाळले, अगदी पुरणात घालताना उगाळतो तसे. इथवर सारे ठीक होते. कृतीत लवंगा लिहिल्या होत्या चार. माझ्या मनात आले की एका पातेलीभर मसालेभाताला आपण सहा-सात लवंगा घालतो, मग 19 लिटरला चार म्हणजे ही माणसे लवंगेला भितात की काय? मी पंधरा लवंगा ठेचून घातल्या. तुझ्या आईंचे वाक्य तेव्हा आठवायला हवे होते. कांदा-लसूण मसाल्याच्या वेळी तिखटाला, खोबऱ्याला त्यांचा हात सढळ असे, पण लवंगा त्या बोटांनी मोजून तव्यावर टाकत आणि म्हणत, ‘लवंग जास्त झाली की बाकीच्यांना बोलू देत नाही.’

उकळलेला रस झटपट निववावा लागतो, कारण तो कोमट राहील तेवढा वेळ हवेतल्या नको त्या जंतूंना आमंत्रण. बाहेर गुडघाभर हिम होते म्हणून पातेले झाकण लावून त्यात रोवले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. पाऊण तासाने पाहतो तो रस अजून कढत. पातेल्याभोवतीचे हिम वितळून बोटभर पोकळी झाली होती आणि बाकीच्या हिमाने गोधडीसारखी ऊब धरली होती. शेवटी न्हाणीघरातल्या टबात गार पाणी आणि बर्फाचे खडे भरून त्यात ते बसवले, तेव्हा अर्ध्या तासात 20 अंशांवर आले. मग रस निर्जंतुक केलेल्या बादलीत ओतला, गार पाणी घालून 19 लिटर केला, चांगला ढवळला आणि वर कोरडे यीस्ट भुरभुरले. हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवात तरंगवून घनता मोजायच्या काचेच्या नळीने, घनता भरली 1.062 (पाण्याची 1, वरचा भाग मुख्यतः साखरेचा).

बादली तळघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणावरच्या एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडते, पण हवा आत येऊ देत नाही अशी झडप) बुडबुड असा आवाज सुरू झाला आणि त्या रात्री फेस थेट एअरलॉकमध्ये चढला. तो काढून तिथे जाड नळी बसवली आणि तिचे दुसरे टोक पाण्याच्या भांड्यात सोडले. रात्री दोन वाजता हे करताना मी जितका आनंदात होतो तितका कित्येक वर्षांत नव्हतो, हे तुलाच सांगतो. यीस्ट साखरेचा मद्यार्क करते तशी घनता उतरते. तीन आठवड्यांनी ती 1.015 वर येऊन थांबली, म्हणजे मद्यार्क 6 टक्क्यांच्या किंचित वर. मग 125 ग्रॅम मक्याची साखर पाण्यात उकळून त्यात मिसळली आणि 48 तपकिरी बाटल्या भरल्या. उरलेले यीस्ट ही साखर खाते आणि त्यातून बाटलीत वायू धरतो. साखर जास्त झाली तर बाटली फुटते, म्हणून हे वजन मात्र काट्यावर केले. एक बाटली मुद्दाम प्लास्टिकची भरली. ती रोज बोटाने दाबून पाहायची, आणि ती दगडासारखी टणक लागली की काचेच्या बाटल्यांतही वायू धरला असे समजायचे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली बाटली उघडली. रंग जुन्या तांब्यासारखा, फेस दाट, वास अप्रतिम. घोट घेतला आणि जिभेचे टोक बधिर झाले. लवंगेतले युजेनॉल हेच ते द्रव्य, ज्यासाठी दाढ दुखली की लवंगेच्या तेलाचा बोळा धरतात, आणि मद्यार्कात ते छान उतरते. दालचिनी नाही, संत्रे नाही, उगाळलेले जायफळ तर नाहीच. शेजारच्या आजोबांनी अर्धा पेला संपवला आणि ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले. मिनेसोटात हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतात हे कळायला मला पाच वर्षे लागली होती, त्यामुळे पुढे काही विचारले नाही.

बाटल्या ओतून टाकायला मन धजेना, म्हणून तळघरातच राहू दिल्या. संक्रांतीला एक उघडली, तेव्हा जीभ बधिर झाली नाही, पण लवंग अजून पुढे होती. गेल्या आठवड्यात परत एक उघडली. श्रीधर, लवंग मागे सरकली आहे. मध आणि भाजलेल्या माल्टची चव आधी येते, मागोमाग संत्रे, आणि घोट गिळल्यावर कुठेतरी खाली जायफळ. म्हणजे नाताळची बिअर सप्टेंबरात लावायला हवी होती.

यंदा तसेच करणार आहे, आणि मसाला पातेल्यात घालणारच नाही. तो आठवडाभर व्होडकात भिजवून अर्क काढायचा आणि बाटल्या भरायच्या दिवशी 250 मिलिलिटर बिअरमध्ये थेंब थेंब घालून चाखायचे. तिथे अर्धा मिलिलिटर पुरेसा वाटला तर 19 लिटरला 38 मिलिलिटर, असा सरळ हिशेब. कमी पडला तर वाढवता येतो. ठेचलेल्या पंधरा लवंगा परत काढता येत नाहीत.

बाटल्या तुला पाठवता येणार नाहीत, कारण इथले टपालखाते मद्य स्वीकारत नाही. जूनमध्ये तू मुलीकडे शिकागोला येणारच आहेस, तेव्हा इकडे चार दिवस काढ. तुझ्या नावाच्या सहा बाटल्या खालच्या फळीवर वेगळ्या ठेवल्या आहेत. येताना चांगली सालीसकट जायफळे घेऊन ये. लवंगा आणू नकोस, इथे पुष्कळ उरल्या आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव