नाना, तुमची चुन्याची डबी अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

काल कोजागिरी झाली. गल्लीतल्या मुलींनी गाणी म्हणून, खाऊ ओळखून, महिनाभर घरी बसवलेल्या पार्वतीरूपी गुलाबाईला निरोप दिला. यंदा अमळनेरात माझ्या हातच्या गुलाबाई-गुलोजींच्या मूर्तींच्या चाळीस जोड्या घरोघरी बसल्या होत्या आणि एकाही गुलाबाईच्या चेहऱ्यावर रंगाचा शिंतोडा नव्हता. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "ऱ्हाऊ दे वं माय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते. तुमची नात वाचून दाखवेल.

मागच्या वर्षी गुलाबाई बसते ती भाद्रपदी पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती. बावीस जोड्या पांढरा प्रायमर मारून फळीवर उभ्या होत्या आणि हवेच्या दाबाने रंग फवारणारा माझा एअरब्रश बिघडला. ट्रिगर दाबला की समोरून रंग थुंकल्यासारखा. घाबरून मी नोझलच्या, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या बारीक टोकाच्या, तोंडात सेफ्टी पिन घातली, कोरून काढायला. त्यानंतर तर फवारा वाकडाच जायला लागला आणि रंगाच्या कपात बुडबुडे यायला लागले. जिथून घेतला त्या दुकानात फोन केला, तर दोन मिनिटंही ऐकून न घेता "नवीन घ्या" म्हणाले. तेव्हा जाऊबाईंनी तुमचं नाव सुचवलं: गॅरेजमागे मोटारसायकलच्या टाक्या रंगवणारे नाना.

तुम्ही जेवायला बसत होता. वाढलेलं ताट झाकून ठेवलंत, सूनबाईंकडून स्वच्छ परात मागवलीत आणि तीत पांढरं फडकं अंथरलंत. बारीक वस्तू निसटली तरी परातीतच राहील, म्हणून. मी थेट नोझलला पाना लावायला गेले, तर तुम्ही हात धरलात. आधी ब्रशच्या मागची पोकळ दांडी, मग आतली सुई पकडून ठेवणारी चकती सैल, मग सुई हलकेच मागे, आणि सगळ्यात शेवटी नोझल. सुई आत असताना नोझल फिरवलं की दोघांचंही नुकसान.

मग सुईचं टोक तुम्ही कापसावरून ओढलंत. माझ्या डोळ्यांना टोक सरळच दिसत होतं, पण कापसाचा एक तंतू त्याला अडकून आला. "हाई देख," एवढंच म्हणालात. २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर सुई जवळजवळ आडवी धरून, बोटांनी गोल फिरवत तुम्ही ती ओढत राहिलात. चार-पाच वेळा कापसावर तपासलीत. शेवटी तंतू अडकेना.

नोझल मात्र गेलं होतं. भिंगाखाली दाखवलंत: माझ्या पिनेने तोंडाला चीर पडली होती. त्या चिरेतून हवा उलटी कपात शिरत होती, म्हणून बुडबुडे. मला रडू आलं. तुम्ही उठलात, कपाटातून एक जुनी चुन्याची डबी आणलीत. आत कापसात गुंडाळलेलं तुमचं स्वतःचं ०.३ मिलिमीटरचं नोझल, माझ्याच ब्रशच्या बनावटीचं. पैसे विचारले तर रागावलात.

पण नाना, नोझलपेक्षा मोठं काम त्यानंतर झालं. तुम्ही सगळं पुन्हा सुटं केलंत आणि परात माझ्याकडे सरकवलीत. तीनदा माझ्याकडून जोडून घेतलंत. नोझल बोटाने बसवायचं, पान्याने अगदी केसभरच आवळायचं, नाहीतर आटे तुटतात. रंग दुधासारखा पातळ. "पह्यले हवा, मंग रंग. बंद करतांना पह्यले रंग, मंग हवा." ही तुमची दोन वाक्यं मी कॉम्प्रेसरच्या वर भिंतीवर लिहून ठेवली आहेत. ताटातलं अन्न गार झालं होतं. मला घरी जाऊन ते आठवलं.

आता प्रत्येक रंग बदलताना मी कप धुते. पाणी घालून नोझलच्या तोंडावर ओलं फडकं धरते आणि हवा कमी ठेवून कपात मुद्दाम बुडबुडे आणते. आतला चिकटलेला रंग वर येतो. मग स्वच्छ पाणी, ते कागदावर बेरंग उडेपर्यंत. संध्याकाळी सुई काढून पुसते. थिनर लागलंच तर फक्त सुईला आणि नोझलला, अख्खा ब्रश बुडवत नाही. आतल्या रबरी रिंगा फुगतात हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी तेही केलं असतं.

मे महिन्यात तुमची फार आठवण झाली. आपल्याकडचं ते ऊन, त्यात कोरडी हवा. ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळत होतं, दर मिनिटाला फवारा अडायचा. मग पहाटे पाचला काम धरलं, रंगात वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे थेंब टाकले आणि ओला कापूस हाताशी ठेवला. अडलं की टोक पुसायचं. हवेचा दाब २० पीएसआयच्या आसपास ठेवून हात जवळ नेला, तेव्हा गालावरची गुलाबी छटा गुळगुळीत बसली. लांबून मारलं की रंग हवेतच वाळून पिठासारखा बसतो. पावसाळ्यात उलटं झालं, नळीत पाणी साचून थेंब उडायला लागले. तुम्ही सांगितलेला, हवेतलं पाणी अडवणारा ट्रॅप बसवला, रोज रिकामा करते.

आणि मास्क. तुम्ही मध्येच खोकायला थांबलात आणि म्हणालात, तीस वर्षं टाक्या रंगवल्या, तोंडाला साधा रुमालसुद्धा बांधला नाही. मी पाण्यात मिसळणारा रंग वापरत असले तरी फवारा छातीत जातोच. फिल्टरवाला मास्क घेतलाय, नाना. खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावलाय. तुम्हीही दवाखान्यात दाखवून या, मी सोबत येते.

भरिताची वांगी बाजारात आली की कळण्याची भाकरी, भरीत घेऊन येईन. तेव्हा तुम्ही आधी जेवायचं, मग काय ते काम. नवीन नोझल मी मागवून ठेवलंय, तुमचं तुम्हाला परत द्यायला. डबी मात्र मागू नका. त्यात आता माझी जास्तीची सुई असते.

तुमची,
गुलाबाईवाली