आरशाचं कपाट

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

काल फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, खडीवाल्याने नाताळची भेट म्हणून पाकीट दिलंय. मी मागितलं नव्हतं. साइटवर सगळेच घेतात, आणि यात नुकसान कुणाचंच नाही." मी गप्प बसलो. जे सांगायचं होतं ते फोनवर जमलं नसतं.

आपलं आरशाचं कपाट आठवतं तुला? तू पहिलीत होतीस. रोज सकाळी त्याच्यापुढे उभी राहून आईकडून वेण्या घालून घ्यायचीस. एक दिवस शाळेतून आलीस तर कपाट नाही, भिंतीवर नुसता फिकट चौकोन. खूप रडलीस. दुरुस्तीला दिलंय, असं मी सांगितलं. ते खोटं होतं.

तेव्हा मी दवाखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. कापूस-बँडेज पुरवणाऱ्याने ते कपाट घरी आणून ठेवलं. तेही खुशीनेच. दोन महिन्यांनी त्याचा माल आला. एक गुंडाळी हाताला हलकी लागली, म्हणून दार लोटून टेबलावर उलगडून मोजली. चार मीटरची पट्टी साडेतीनलाच संपली. एरवी चलनावर लाल शाईने शेरा मारून मी टेम्पो परत पाठवला असता. त्या दिवशी पट्टी जशीच्या तशी गुंडाळली आणि सही केली. बाहेर व्हरांड्यात कोपरापर्यंत हात भाजलेली एक बाई ड्रेसिंगसाठी बसली होती. नुकसान कुणाचं, ते मला तिथे दिसलं. खुशीने देणारा आपलं तोंड विकत घेतो, बाळ. आणि तोंड विकलं गेलंय हे आपल्याला फार उशिरा कळतं.

त्या आठवड्यात बायबलातलं 2 राजे, पाचवा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. अरामी सरदार नामान कोडातून बरा झाला, संदेष्टा अलीशाने त्याची भेट नाकारली, आणि अलीशाचा चाकर गेहजी नामानाच्या मागून धावत गेला. गेहजीने कुणावर बळजबरी केली नाही. त्याने एक किक्कार, म्हणजे त्या काळचं एक मोठं वजन, रुपं आणि दोन पोशाख मागितले; नामानाने आग्रह करून दोन किक्कार दिले, आणि पोशाखही. देणारा आनंदात होता. मग पाप कुठे? मला वाटतं ते इथे आहे: देवाची कृपा फुकट असते, हे तो परका सरदार नुकतं शिकला होता, आणि गेहजीने तिला किंमत लावली. धावत निघताना त्याने परमेश्वराची शपथ वाहिली होती, आणि परत येऊन धन्यापुढे म्हणाला, मी कुठेच गेलो नव्हतो. तुला दुरुस्तीचं सांगताना माझ्याही तोंडी तीच भाषा होती.

मी हातगाडी केली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, कपाट त्याच्या दुकानी पोचवलं. मग साहेबांना सगळं सांगितलं. मेमो मिळाला, वेतनवाढ थांबली. बायबलातल्या यरीहोच्या जकातदार जक्कयाने अन्यायाने घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. चोरलेल्या मेंढराच्या बदली चार मेंढरं, हा निर्गमाच्या पुस्तकातला दंड. मला चौपट जमलं नाही. तीन महिने पगारातून बँडेज विकत घेऊन स्टोअरमध्ये भरलं, एवढंच. आईने त्या दिवसांत एकदाही कपाटाचं नाव काढलं नाही. तुझे कपडे ट्रंकेत घड्या घालून ठेवायची.

पाकिटातले पैसे चर्चच्या दानपेटीत टाकू, असंही तू म्हणालीस. तसं करू नकोस. ते पैसे तुझे नाहीत, मग तू देवाला काय देणार? पाकीट न उघडता परत कर. एकटीने नको, साइटवरच्या कुणाला तरी बरोबर घे, आणि त्याची खडी येईल तेव्हा नेहमीसारखीच चाळून, मोजून घे. तो रागावेल. कदाचित तुझे वरिष्ठही रागावतील. घराच्या हप्त्याची तुझी काळजी मला कळते. कमी पडलं तर माझ्या पेन्शनमधून भरू, संकोच करू नकोस.

परत केलंस की फोन कर. कितीही रात्र झाली तरी मी जागा असेन.

तुझा,
पप्पा