सुगंधी दूध द्या, पण साखर मोजून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मानेवाड्याकडच्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात ३१ मुलं. गेल्या मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा एका दात्याने पंधरा दिवस सुगंधी दुधाची पाकिटं दिली, रोज प्रत्येकाला २०० मिलीचं एक. आमची बरीचशी मुलं सकाळी चहा-बिस्किटावर, काही तर नुसत्या चहावर येतात. आठ वाजता दूध पोटात गेलं की साडेनऊच्या गणिताच्या तासाला डुलक्या घेणारी मुलं फळ्याकडे बघत बसायची. त्यामुळे सुगंधी दूध शाळेत नकोच, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

त्याच पंधरवड्यातली एक गोष्ट सांगते. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी दोन घोट प्यायची, स्ट्रॉ दुमडून पाकिटातच दाबायची आणि पाकीट दप्तरात दोन वह्यांच्या मध्ये उभं ठेवायची. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, घरी लहाना भाऊ हाये, त्याच्यासाठी." बंद पाकीट फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकतं, पण एकदा स्ट्रॉ टोचला की आपल्या नागपूरच्या उन्हात ते दूध काही तासांत नासतं. साडेअकराला शाळा सुटणार, घर लांब, भाऊ तीन वर्षांचा. मी तिला समजावलं, तिचं तिलाच प्यायला लावलं आणि एका गैरहजर मुलाचं बंद पाकीट भावासाठी दिलं. "पाकीट शाळेतच संपवायचं" हा नियम मी त्या दिवशी मोडला. पुढेही मोडला.

त्या दुपारी रिकामं पाकीट घरी आणून मी पहिल्यांदा मागची बाजू नीट वाचली. तक्ता होता १०० मिलीचा, पाकीट २०० मिलीचं. वरून घातलेली साखर ६ ग्रॅम, म्हणजे पाकिटात १२ ग्रॅम. चहाचा चमचा ४ ग्रॅमचा धरा, झाले तीन चमचे. दुधाची स्वतःची साखर, लॅक्टोज, यात नाही. तिच्याबद्दल माझी तक्रारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं आहे की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाचच्या आत राहिली तर अधिक चांगलं. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. पाच टक्के म्हणजे ८५ कॅलरी, ग्रॅमला चार कॅलरी धरून जेमतेम २१ ग्रॅम साखर. त्यातले १२ सकाळी आठलाच संपले. मग चहा, बिस्किटं, गेटबाहेरचा बर्फाचा गोळा कशात बसवायचा?

साधं दूध द्या, असं सहज म्हटलं जातं. आम्ही दिलंय. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा काही पालक आणि आम्ही दोघी-तिघी शिक्षिकांनी वर्गणी काढली आणि दर शनिवारी पाच लिटर दूध तापवून द्यायला सुरुवात केली. कर्नाटकात २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत पावडरीचं १५० मिली गरम दूध मुलांना मिळतं, म्हणून आम्हीही माप तेवढंच धरलं. पहिल्या शनिवारी बिनसाखरेचं दिलं. मुलं नाक धरून प्याली, साय ग्लासच्या काठाला फासली, आणि नऊ ग्लास तसेच मोरीत ओतावे लागले. दूध ओतताना फार वाईट वाटतं हो.

पुढच्या शनिवारी आमच्या स्वयंपाकी ताईंनी पाच लिटरमध्ये पाव किलो साखर आणि विलायची घातली. एक थेंब उरला नाही. मग दर तिसऱ्या शनिवारी ५० ग्रॅम साखर कमी करत गेलो, मुलांना न सांगता. २५० चे २००, मग १५०, मग १००. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुलं १०० ग्रॅमवर आली होती, म्हणजे एका ग्लासात ३ ग्रॅम, पाऊण चमचा. विलायची तेवढीच ठेवली होती. फक्त एका मुलाने विचारलं, "मॅडम, आज साखर कमी पडली का?" आणि ग्लास पुढे करून आणखी मागितलं.

जे पातेल्यात जमतं ते कारखान्यात जमायला अडचण कसली? शाळांसाठी दूध घेणाऱ्यांनी, दाते असोत की शासन, साखरेचा आकडा आधी ठरवावा आणि मग खरेदी करावी. आकडा पाकिटाच्या पुढच्या बाजूला, अख्ख्या पाकिटाचा, मराठीत आणि चमच्यांत छापावा. आमच्या मुलांच्या आया तो वाचतील.

वेळेचंही बोलायला हवं. बऱ्याच ठिकाणी दूध खिचडीसोबतच वाटतात, कारण रांग एकदाच लावावी लागते. पण दुधातलं कॅल्शियम सोबतच्या जेवणातलं लोह पुरतं अंगी लागू देत नाही. निस्तेज चेहऱ्यांच्या मुली रोज बघणाऱ्या बाईला हे परवडत नाही. दूध सकाळी द्या, खिचडीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागायला मदत होते. आणि ज्याला दुधाने पोट दुखतं त्याला केळं द्या, जबरदस्ती नको. माझ्या वर्गात असा एक आहे.

दूध दिलं म्हणून अंडं विसरू नये, हेही आवर्जून लिहिते. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याची योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचे पैसे थांबवून लोकसहभागावर सोडलं. आमच्या वस्तीत लोकसहभाग म्हणजे कोण, तर तीच मुलं ज्यांच्या घरची आहेत ती माणसं. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात, जवळपास त्या पाकिटातल्या दुधाइतकीच, आणि साखर नाही.

एखाद्या शाळेला आमचं शनिवारचं प्रमाण हवं असेल तर ते असं: पाच लिटर दूध, १०० ग्रॅम साखर, बारा विलायच्या सालासकट कुटून. विलायची दूध उतरवल्यावर टाकायची आणि झाकण दहा मिनिटं काढायचं नाही. सुरुवात मात्र २५० ग्रॅमपासूनच करा.

आपली,
तिसरीची एक वर्गशिक्षिका
मानेवाडा, नागपूर