मिरजेच्या सतारमेकर चाचांना

चाचा, सलाम.

आमचं व्हायोलिन-सतारीचं शिबिर संपून आठ दिवस झाले. हॉलच्या किल्ल्या शाळेला परत दिल्या, सतरंज्या धुऊन पाठवल्या, सगळ्यांचे हिशेब चुकते झाले. तुमचा तेवढा राहिलाय. कराड स्टेशनवर पैशांचं पाकीट पुढं केलं तेव्हा तुम्ही माझा हात तसाच मागं सारलात. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय, कारण त्या तीन दिवसांत काय घडलं ते आमच्या पालकांनाही नीट माहीत नाही.

शिबिर बारा दिवसांचं, मुलं चोवीस. एकोणीस व्हायोलिनवाली, पाच सतारवाली. वयाप्रमाणं कुणाकडं पाव आकाराचं व्हायोलिन, कुणाकडं अर्ध्या, मोठ्यांकडं पाऊण. त्यातली अकरा व्हायोलिनं आम्ही एकगठ्ठा, स्वस्तात मागवलेली. वर मे महिना आणि हॉलला पत्रा. उन्हानं लाकूड वाळतं, आक्रसतं, मग खुंटी भोकात पकड धरत नाही आणि तार उतरत जाते. मला हे ठाऊक होतं. तरीही रोज सकाळी मोबाइलवर बघून एकेकाचं वाद्य मीच लावून द्यायची आणि अर्ध्या तासात सगळा हॉल बेसूर झाला की मुलांवर रागवायची.

एका मुलीवर जास्तच. चौथीतली, अर्ध्या व्हायोलिनवाली. "कान कुठं असतो तुझा?" असं मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ती बो, म्हणजे वाजवायचा गज, हातात घेईना. गजाला लावायची राळ, रोझिन, मात्र लावत बसायची, लावतच राहायची. त्या रात्री तुम्हाला फोन केला.

तुम्ही 'बघतो' म्हणाला नाहीत, 'किती पैसे' विचारलं नाहीत. सकाळच्या गाडीनं ओगलेवाडीला, कराडच्या स्टेशनवर, उतरलात. एका खांद्याला हत्यारांची पिशवी, काखेत गोधडीत गुंडाळलेला तंबोरा. जनरलच्या डब्यात तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेऊन बसला होतात. आल्यावर चहासुद्धा न घेता आधी त्याच मुलीचं व्हायोलिन मागितलंत. वाजवलं नाहीत, कानाशी धरून नुसतं हलवलंत. आत काहीतरी खुळखुळलं.

"पोरीचं काय चुकत न्हाई बाई. हिच्यातला साऊंड पोस्ट पडलाय."

करंगळीएवढीही जाडी नसलेली ती लाकडी दांडी. डिंक नाही, खिळा नाही. वरच्या आणि खालच्या पाटीच्या मध्ये निव्वळ तारांच्या दाबानं उभी राहते. तारा सगळ्या एकदम सैल झाल्या की पडते, आणि मग वाद्याला आवाजच उरत नाही. तुम्ही सायकलचा स्पोक वाकवून आणला होतात. त्याच्या टोकाला दांडी टोचलीत, पाटीवरच्या फटीतून आत घातलीत आणि तिला जागेवर आणत राहिलात. तीनदा पडली, चौथ्यांदा उभी राहिली. चोवीस मुलं सतरंजीवर श्वास धरून बसली होती. मग तुम्ही व्हायोलिन तिच्या हातात दिलंत आणि माझ्याकडं बघितलंत. मी तिची माफी मागितली. सगळ्यांसमोर रागावले होते, तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच.

पुढचे दोन दिवस तुम्ही एकेक खुंटी काढून घासलीत, खडू लावलात, भोकात नीट बसवलीत. तारा ज्यावर टेकतात ते ब्रिज इतके उंच होते की मुलांची बोटं तारेवर दाबून दुखायची. तेही कानशीनं खाली आणलेत. पण चाचा, मी सगळ्यात जास्त आभार मानते ते तंबोऱ्यासाठी.

आमच्याकडं तंबोरा म्हणजे फोनमधला. तुम्ही खरा तंबोरा मध्ये ठेवलात, पंचम, जोडी आणि खर्ज या तारा सुरात मिळवल्यात आणि घोडीवरून तारांखालचे दोरे काढून घेतलेत. आवाज कोरडा, ठक्क. मग पुन्हा एकेका तारेखाली दोरा सरकवत गेलात, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी तार अशी काही उघडली की मागं बसलेला एक मुलगा उठून पुढं आला. जवारी, म्हणजे तारेचा असा उघडा, गुंजणारा नाद; या शब्दाचा अर्थ मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलेय. त्या मुलांना तो त्या क्षणी कळला. नंतर तुम्ही प्रत्येकाला भोपळ्याला कान लावायला लावलात. आणि बजावलंत, की उद्यापासून बाई वाद्य लावून देणार नाहीत, ज्याचं त्यानं लावायचं.

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं गेली, शेवटच्या दिवशी बारा. मोबाइल कुणी काढला नाही.

जेवताना मुलांनी तुम्हाला भोपळे कुठून येतात ते विचारलं, तेव्हा तुम्ही पंढरपूर-मंगळवेढ्याकडची शेतं सांगितलीत. तुमची माणसं मुळात हत्यारांना धार लावणारे शिकलगार, फरीदसाहेबांपासून सतारमेकर झाली, हेही सांगितलंत. गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले आणि 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली, हे मी दरवर्षी सांगते. त्याच गावात वाद्यं घडवणाऱ्या हातांबद्दल मी मुलांना कधी काही सांगितलं नव्हतं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी मी वाचली आणि पान उलटलं. आता संगीताच्या परीक्षेची तयारी करून घेताना गायक-वादकांच्या बरोबरीनं कारागिरांचीही माहिती देणार आहे.

तुमचं तीन दिवस दुकान बंद राहिलं. अर्धी झालेली एक सतार तशीच ठेवून आला होतात, हे मला तुमच्या मुलाकडून नंतर कळलं. पैसे घेत नाही म्हणालात, म्हणून पालकांनी ठरवलंय की पुढच्या वर्षीच्या शिबिराचा तंबोरा तुमच्याकडूनच करून घ्यायचा, पूर्ण किमतीत. याला तुम्ही नाही म्हणू नका. घाई नाही, लाकूड मुरलेलं असेल तेव्हा करा.

तुम्ही ठेवून गेलेला तंबोरा जपून आहे. रोज कुणीतरी येऊन मिळवून जातं. ती चौथीतली मुलगी शाळा उघडायच्या आधी वडिलांबरोबर मिरजेला येणार म्हणते. व्हायोलिनच्या तारेखाली दोरा घातला तर काय होईल, हे तिला तुम्हालाच विचारायचंय. मला विचारलं होतं. मी म्हटलं, चाचांकडं जा.

तुमची,
कराडच्या बाई