सूट शिवायला टाकण्याआधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

दुकानातून पाठवलेले फोटो बघितले. तो कोट घेऊ नकोस. रंगाबद्दल नंतर बोलू. आधी खांदा बघ, तुझ्या हाडाच्या पुढे बोटभर गेलाय आणि त्याच्या खाली बाहीला खळगा पडलाय. विकणारा म्हणेल, ‘सर, अल्टर करून देतो.’ बाही आखूड करता येते, पाठीची शिवण आत घेऊन कंबर बारीक करता येते, पँट खालून कमी-जास्त करता येते. खांद्याला हात घालायचा म्हणजे बाही, कॉलर, अस्तर, पॅड सगळं उसवायचं. ते काम कुणी आनंदाने घेत नाही, आणि घेतलंच तर मजुरी ऐकून तू नवा कोट शिवशील. इतकी वर्षं लोकांच्या कोटांची हातशिलाई करतेय, आलेला कोट मी आधी खांद्यावर तपासते, मग मानेवर. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला सगळीकडून टेकलेली पाहिजे. मागे फट दिसली की कापड कितीही महागाचं असो, कोट कुणाचा उसना आणल्यासारखा दिसतो.

तेव्हा शिवूनच घे. नोकरीला लागतोयस, मे महिन्यात ताईचं लग्न आहे, पुढची काही वर्षं हाच एक सूट दोन्हीकडे चालवायचाय.

कापड आधी. चकाकणारं निव्वळ पॉलिस्टर नको, आपल्याकडच्या ४२ अंशांत मांडवात उभा राहिलास की कळेल का ते. हलक्या वजनाचं लोकरीचं किंवा टेरीवूल, म्हणजे लोकर-पॉलिस्टरचं मिश्रण, घे, मीटरला २५० ग्रॅमच्या आसपासचं. कापडाच्या किनारीवर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असं विणलेलं दिसेल. दुकानदार मोठा आकडा दाखवून भुलवतो. आकडा मोठा म्हणजे लोकरीचा तंतू बारीक, एवढंच. सुपर १०० ला तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉनचा, १२० ला १७.७५ चा. बारीक तंतू हाताला मऊ लागतो, पण चुरगळतो लवकर आणि खुर्चीवर घासून झिजतोही लवकर. तुझं काम दिवसभर खुर्चीवरचं. तुला १०० पुरे.

रंग नेव्ही ब्लू घे, नाहीतर गडद राखाडी. मरून तुला शोभतो हे खरं, पण मरून सूट लोकांच्या लक्षात राहतो, आणि तिसऱ्यांदा घातलास की ऑफिसातलं पोरगंसुद्धा म्हणेल, ‘तोच ना?’ नेव्ही कोटाखाली राखाडी पँट चालते, बिस्किटी चालते, रविवारी कुठे जायचं तर जीनसुद्धा खपून जाते. हौस टायवर भागव.

पण एक कर. कोट एक आणि पँटी दोन, दोन्ही त्याच कापडाच्या. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर सुटाला सव्वातीन मीटर धरतात, वर आणखी सव्वा मीटर घे. पँट आधी जाते, सीटवर आणि मांडीत चमक येते, आणि कोट नवाच्या नवा राहून कपाटात लटकतो. हे जास्तीचं कापड त्याच थानातून, त्याच दिवशी कापून घे. पुढच्या वर्षी ‘तोच शेड’ म्हणून आणलेलं कापड उन्हात धर, वेगळं दिसतं. ड्रायक्लीनलासुद्धा कोट आणि दोन्ही पँटी एकदमच टाकायच्या, म्हणजे रंग उतरला तरी सगळ्यांचा सारखा उतरेल.

आता मापाचं. माप द्यायला जाताना जो शर्ट आत घालणार तोच घालून जा, पायात बूटही तेच. खिशातलं पाकीट आणि मोबाइल बाहेर काढून ठेव. आणि पोट आत ओढू नकोस! तुम्ही पोरं टेप दिसला की छाती काढता. मग कोट शिवून येतो छाती काढलेल्या माणसाचा आणि घालायचा असतो वाकून बसणाऱ्याने. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे, शाळेचं दप्तर कायम एकाच खांद्यावर होतं. लॅपटॉपपुढे बसून पाठीलाही थोडा बाक आलाय. हे दोन्ही मास्टरांना स्वतःहून सांग. चांगला मास्टर उजव्या पॅडला थोडी जाडी देतो आणि पाठीला उंची वाढवून कापतो. नाहीतर बाकामुळे कोट मागून वर उचलला जातो, खाली पाठीमागचे कट, म्हणजे शिवणीतल्या चिरा, उघडे पडतात आणि कॉलर मानेपासून सुटते. मग शिवणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग, कटिंगच सरळ पाठीचं झालेलं असतं.

कच्च्या ट्रायलला, म्हणजे कोट नुसता टाचून अंगावर घालून बघतात तेव्हा, आरशात नुसतं समोरून बघू नकोस. समोरून सगळेच बरे दिसतात. मित्राला घेऊन जा, पाठीचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढायला सांग. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या ताणल्या तर कंबर घट्ट. पाठीवर कॉलरखाली आडवी वळी पडली तर तिथलं कापड जास्त झालंय, मास्टर खडूची खूण करून काढतील. मग दोन्ही हात पुढे कर, गाडीचं हँडल धरल्यासारखे. हात उचलल्याबरोबर अख्खा कोट वर येत असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, खाली उतरलाय. गिऱ्हाइकाला वाटतं, मुंढा मोकळा ठेवला की आराम मिळेल. उलटं आहे. मुंढा बगलेजवळ वर असला की हात एकटा हलतो, कोट जागेवर राहतो. मास्टरांना ‘मोकळा ठेवा’ म्हणून त्यांचं चांगलं काम बिघडवू नकोस.

पँट कंबरेवर बसणारी शिव, कुल्ल्यावर घसरणारी नाही. हल्ली सगळ्यांचं हेच बिघडतं. कोटाचं बटण लावलं की त्याच्याखाली शर्टाचं पांढरं त्रिकोणी टोक डोकावतं आणि लोक कोटाला नावं ठेवतात. दोष पँटच्या उंचीत असतो. पँट वर बसली की ते टोक आपोआप झाकलं जातं आणि पाय लांब दिसतात. बॉटम, म्हणजे पायाशी पँटचा घेर, १५ इंचांच्या खाली आणू नकोस, पोटरीला चिकटलेली पँट बसून उठल्यावर खाली येत नाही. कोटाची उंची सीट झाकेल एवढी हवी. आखूड कोटाची फॅशन आलीय म्हणे, येऊ दे.

आतल्या कामाबद्दल मलाच लिहायला हवं, कारण ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. छातीच्या आत जे कापड असतं ते गोंद लावून इस्त्रीने चिकटवलेलं आहे की कॅनव्हास धावदोऱ्याने बसवलाय, ते विचार. चिकटवलेल्याला फ्युजिंग म्हणतात. ते वाईटच असतं असं नाही, चांगलं केलेलं टिकतं. पण स्वस्तातलं असलं तर ड्रायक्लीनच्या वाफेने सुटतं आणि छातीवर फोड आल्यासारखं दिसतं, ते पुन्हा बसत नाही. शेवटच्या काजाखाली वरचं कापड आणि आतलं कापड चिमटीत धरून वेगळं करून बघ. मध्ये तिसरा थर सुटा लागला तर कॅनव्हास. अस्तर पाठीत अर्धंच घाल, उन्हाळ्यात जीव वाचेल. आणि शिवणींच्या आत कापड सोडायला सांग. तुझ्या आजोबांचा लग्नातला कोट ठाण्याच्या रेमंडच्या कापडाचा होता, १९२५ साली निघालेली ती गिरणी. त्याच्या पाठीत नि बगलेत इंचभर कापड सोडलेलं, म्हणून तो तुझ्या बाबांना सैल करून बसला. रेडीमेडमध्ये एवढं कापड कोण सोडतं?

बाहीची उंची ठरल्याशिवाय बाहीवर खरं काज पाडू देऊ नकोस. एकदा कात्री लागली की बाही खालून आखूड करता येत नाही, केलीस तर काज अगदी टोकाशी येऊन बसतं. शर्टाची कफ अर्धा इंच बाहेर दिसेल एवढी बाही ठेव. पुढची काजं हाताने करून घेतलीस तर मला आनंद होईल. जाड दोरा खाली धरून त्यावर गाठीचा टाका एकाला एक लागून घालायचा, आणि पुढे डोळा ठेवायचा, बटणाच्या दोऱ्याची मान तिथे बसते. मशीनचं काज उलटीकडून फुसफुशीत दिसतं, हातचं दोन्हीकडून भरीव. दोन बटणांचा कोट असेल तर वरचंच लावायचं, खालचं कधीच नाही. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचं पोट सुटलं म्हणून ही रीत पडली असं सांगतात. खरं असो नसो, आता कोट कापतातच त्या हिशेबाने. खालचं लावलंस की ओढला जातो. बसताना वरचंही काढ.

बाकी किरकोळ. टायचं टोक बेल्टच्या बकलापर्यंत, त्याच्या वर नको, खाली नको. टाय शर्टापेक्षा गडद. छातीच्या खिशातला रुमाल टायच्याच कापडाचा जोडीने मिळतो, तो घेऊ नकोस, साधा पांढरा ठेव. बेल्ट आणि बूट एका रंगाचे. मोजे पँटच्या रंगाचे आणि इतके लांब की बसल्यावर नडगी दिसायला नको. मागच्या कटांवर फुलीचा कच्चा टाका घातलेला असतो तो काढून टाक, आणि बाहीवरची कंपनीची पट्टीसुद्धा. लग्नात ती पट्टी मिरवत अक्षता टाकणारे नवरदेवाचे मामा मी पाहिलेत.

ट्रायलची तारीख कळव. फोटो पाठीचे पाठव, समोरचे नकोत. मजुरीवरून घासाघीस करू नकोस, कापडात करायची तेवढी कर.

तुझी,
आई

ता. क. उरलेलं कापड मागून घे. दुकानदार ‘चिंध्याच उरल्यात’ म्हणेल, त्याही आण. पँट आतून झिजली की मांडीत लावायला तेच कापड लागतं, आणि जास्तीची दोन बटणंही त्याच पुडीत ठेव.