अण्णा, तुमच्या घोंगडीत आमचा पिंजू ससा वाचला

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी आभार मानायला आले, तर "त्यात काय एवढं, डेअरीवर निघालोच होतो" म्हणून तुम्ही गाडीला किक मारलीत. माझं बोलणं तोंडातच राहिलं. म्हणून हे पत्र. तुम्ही मोबाईलवर वाचत नाही हे मला माहीत आहे, नात वाचून दाखवेल. उघडपणे लिहायचं कारण एवढंच, की मी केली तीच चूक या थंडीत आणखी कुणाच्या तरी पडवीत होत असेल.

तो आठवडा तुम्हालाही आठवत असेल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांवर आला होता. निफाडकरांना ही थंडी नवी नाही, पण द्राक्षाचे मणी तडकायच्या धाकानं माणसं पहाटे तीनपासून बागेत शेकोट्या पेटवून बसली होती, ठिबक सोडत होती. आमच्या घरातही तेच चाललं होतं. लेकीचा ससा, आमचा पिंजू, पडवीत जाळीच्या पिंजऱ्यात होता. मी बागेवरचा उरलेला प्लास्टिक कागद घेतला आणि पिंजरा चारी बाजूंनी गच्च गुंडाळला. वाऱ्याला फट म्हणून ठेवली नाही. ऊब राहील असं मला अगदी मनापासून वाटलं होतं.

पहाटे कागद सोडवला तर लघवीचा उग्र भपका डोळ्यांत गेला. पिंजूच्या श्वासाची वाफ रात्रभर कागदाला आतून धरली होती आणि तिचे थेंब त्याच्याच अंगावर पडत होते. खालचं पोतं ओलंचिंब. पिंजू कोपऱ्यात आडवा, पाठीवरचे केस चिकटून त्यांच्या बटा झालेल्या. कानाला हात लावला तर माठाला लावल्यासारखा गार. एरवी तेच कान लेक थंडीत गालाला लावून बसते.

मी घाबरून शेगडीत कोळसे घालत होते आणि दुसरीकडे चमच्यानं त्याला कोमट दूध पाजायच्या बेतात होते. तेवढ्यात दुधाच्या किटल्या घेऊन तुम्ही आलात. दारातूनच म्हणालात, "सूनबाई, तोंडात काही घालू नको. आधी कोरडं, मग गरम, मग खाणं." शेगडी तुम्ही स्वतः उचलून अंगणात ठेवलीत. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, पण माणसाचाही जीव घेतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आत लेक झोपली होती. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मग तुम्ही खाली फतकल मारून बसलात. जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं पिंजूला टिपलंत, चोळलं नाहीत. फडकं ओलं झालं की दुसरं, असं चार वेळा. नंतर सदऱ्याची बटणं काढून त्याला पोटाशी धरलंत आणि वरून घोंगडी ओढलीत. माझ्याकडून बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरून घेतलंत, ती लेकीच्या लोकरी मोज्यात घालून त्याच्या पाठीशी ठेवलीत. पाणी निवलं की मी बदलत होते. थंडीत जन्मलेली करडं तुमच्या आईनं अशीच जगवली, असं तुम्ही सांगत होतात. बाहेर डेअरीची वेळ टळून गेली, किटल्या तशाच. तुम्ही एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाहीत.

तासाभरानं पिंजूनं मान उचलली आणि नाक हलवलं. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त घोंगडीची कड जरा सैल केलीत.

नाशिकच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्याचं अंग ३७ अंशांच्या आसपास होतं. सशाचं साधारण ३८.५ ते ३९.५ असतं, म्हणजे तुमच्याकडून ऊब घेऊनही तो अजून गारच होता. डॉक्टर म्हणाले, गारठलेल्या जिवाला आधी पाजलं असतं तर दूध श्वासनळीत जायचं, आणि दूध सशाचं खाणंच नव्हे. त्यांनी मला जे समजावलं ते तुमच्या बोलण्याशी शब्दाशब्दानं जुळत होतं. ससा उन्हाळ्यापेक्षा हिवाळा बरा सोसतो. त्याच्या दाट केसांत हवा अडकून राहते, तीच त्याची गोधडी. केस भिजले की ती हवा जाते आणि गोधडी संपली. म्हणून थंडीपेक्षा ओल आणि अंगावरून जाणारा वारा वाईट. कोंडलेल्या लघवीच्या वासानं फुप्फुसंही बिघडतात.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. सुकं गवत हेही सशाला ऊब देतं. मोठ्या आतड्याजवळच्या पिशवीत ते आंबत राहतं आणि आतून अंग गरम ठेवतं. मी मात्र थंडी आहे म्हणून लाडानं गाजरं वाढवली होती आणि गवत कमी केलं होतं. बारा तास ससा खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

तुम्ही तर तेवढ्यावर थांबला नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी फळीची जुनी पेटी घेऊन आलात. विटांवर वीतभर उचलून ठेवलीत, दार उत्तरेकडून फिरवून घराच्या भिंतीकडे केलंत. तीन बाजूंना गोणपाट, आणि वर दोन बोटं फट. ती फट बघून मी बुजवायला गेले तर माझा हात धरलात. आत गव्हाचं काड इतकं भरलंत की पिंजू दिसेना. मी बल्ब लावू का विचारलं, तर म्हणालात, वायर कुरतडायला त्याला किती वेळ लागतो? आता रोज सकाळी मी काडात हात खुपसून बघते. ओलं लागलं की तेवढं काढून टाकते. रात्री कडाका असला की मोज्यातली बाटली, एका बाजूलाच, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येतं.

अण्णा, त्या सकाळी दोघा-तिघांनी मला म्हटलं, चारशे-पाचशेला नवा ससा मिळतो, एवढी धावपळ कशाला. लेकीसमोर म्हटलं. तुम्ही मात्र तिच्याजवळ बसून विचारलंत, "तुझ्या पिंजूला झोपायला कुठली कूस आवडते?" ती रडायची थांबली ती तिथे. तुमचा हा एक प्रश्न मी जन्मभर विसरणार नाही.

डॉक्टरकडून आल्यावर ती जेवली नाही, पिंजऱ्यापाशीच बसून राहिली. संध्याकाळी ओरडत आली, "आई, अकरा!" अकरा लेंड्या. लहान, वेड्यावाकड्या, पण अकरा. तिनंच तुम्हाला फोन लावला होता. पलीकडून तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की ते मला चुलीपाशी ऐकू आलं.

घोंगडी आमच्याकडेच राहिली आहे. तिला पिंजूचे पांढरे केस लागलेत, लेक एकेक वेचते आहे. दोन दिवस उन्हात टाकली, आज झटकून ठेवली. रविवारी डेअरीच्या आधी घेऊन येते, तेवढे घरी थांबा.

तुमची,
पलीकडच्या वस्तीवरची सूनबाई